दूरगावच्या आप्तांना ताजी फुले

आपल्या समाजात फुलावाचून एकही प्रसंग पार पडत नाही. बारशाचा पाळणा, लग्नाचा मांडव, गौरी-गणपतीची आरास, दसऱ्याचे तोरण आणि माणसाची अखेरची यात्रा, या सर्व ठिकाणी फूल लागतेच. देणाऱ्याची ऐपत कमी असली तरी 'फूल नाही फुलाची पाकळी' असे म्हणून तो आपला भाव व्यक्त करतो आणि घेणाराही तो तितक्याच आदराने स्वीकारतो. फुलाची किंमत बाजारभावावर ठरत नाही, ती ठरते त्याच्या ताजेपणावर. लुगडे चार दिवस उशिरा पोहोचले तरी ते लुगडेच राहते. फूल मात्र एक दिवस उशिरा पोहोचले, तर ते निर्माल्य होते.

पूर्वी आप्तेष्ट पंचक्रोशीत राहत असत. परसातील परडीभर फुले घेऊन माणूस पायी जाई आणि ती पोहोचती करी. आज पोटापाण्यासाठी घरातील कर्ती माणसे शेकडो किलोमीटर दूर राहतात. प्रत्येक प्रसंगी गावी जाणे त्यांना शक्य होत नाही. अशा वेळी आपल्या वतीने निदान ताजी फुले तरी घरी पोहोचावीत, ही इच्छा स्वाभाविक आहे. ही इच्छा सफल कशी करावी, त्यात फुलाचा धर्म कोणता, वाहतुकीच्या अडचणी कोणत्या आणि त्यांतून ग्रामीण भागातील फूल-उत्पादकाला कोणता लाभ होऊ शकतो, याचा विचार या लेखात केला आहे. त्यासाठी सुरत ते नवापूर हा मार्ग उदाहरणादाखल घेतला आहे.

सुरत आणि खान्देश

तापी नदीच्या तीरावरील सुरत हे शहर गुजरात राज्यात असले, तरी तेथे मराठी भाषकांची वस्ती फार मोठी आहे. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून गेलेली हजारो कुटुंबे राहतात. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई आणि त्यांना जोडून असलेले व्यवसाय यांत त्यांचे श्रम खर्ची पडतात. ही कुटुंबे सुरतेला गेली, पण आपले सण विसरली नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणारा कानबाईचा उत्सव ती सुरतेतही करतात, आणि ज्यांना रजा मिळते ती मूळ गावी परततात. नारळाला अलंकार घालून केलेल्या कानबाईच्या स्थापनेत फुलांना मानाचे स्थान असते.

सुरतेहून खान्देशात येणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून टाकण्यात आला. उधना, बारडोली, व्यारा, सोनगड अशी स्थानके मागे टाकीत गाडी नवापूरला येते आणि पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावला पोहोचते. नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथील रेल्वे स्थानकाची गंमत अशी, की दोन राज्यांची सीमा फलाटावरूनच गेली आहे. तेथील एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. दिनांक १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा रूळ आणि फलाट होते तेथेच राहिले. माणसांचे नातेसंबंधही तसेच राहिले.

सुरतेपासून नवापूरचे अंतर सुमारे १०० ते १२५ किलोमीटर आहे. माणसाला हा प्रवास दोन-तीन तासांचा आहे. फुलाला मात्र तो बराच लांबचा ठरतो. त्याचे कारण समजण्यासाठी प्रथम तोडलेल्या फुलाची स्थिती पाहिली पाहिजे.

तोडलेले फूल जिवंत असते

फूल झाडावरून तोडले की ते मेले, असा एक समज आहे. तो खरा नाही. तोडल्यानंतरही फुलाचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. फरक एवढाच, की झाडाकडून मिळणारे अन्न आणि पाणी बंद झालेले असते. त्यामुळे फूल स्वतःजवळ साठविलेली साखर जाळून जगू लागते. घरातील धान्य संपेपर्यंतच चूल पेटावी, तशी त्याची स्थिती होते. हे धान्य लवकर संपू न देणे, हेच फुले ताजी ठेवण्याचे सारे शास्त्र आहे.

या कामी फुलाचे तीन शत्रू ओळखून ठेवणे अगत्याचे आहे.

पहिला शत्रू उष्णता. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की फुलाच्या श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे २० अंशांना जे फूल दोन दिवस टिकेल, ते ३० अंशांना एखादा दिवसच टिकते. तापी खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत गाडीच्या बंद डब्यात किंवा एस.टी.च्या टपावर ठेवलेल्या करंडीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल. शिवाय करंडीत दाबून भरलेली फुले श्वसनामुळे स्वतःही उष्णता निर्माण करतात. म्हणूनच करंडीच्या मधली फुले कडेच्या फुलांपेक्षा आधी काळवंडतात.

दुसरा शत्रू कोरडेपणा. पाकळीत ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. वारा लागला, ऊन लागले, की हे पाणी उडून जाते आणि पाकळी लोंबू लागते. परंतु यावर उपाय म्हणून फुलांवर भरमसाट पाणी ओतणे हीदेखील चूक आहे. पाकळ्यांवर पाणी साचून राहिले, की बुरशी धरते आणि फूल कुजते. फुलाभोवती ओलावा असावा, फूल मात्र ओलेचिंब नसावे, हा नियम लक्षात ठेवावा.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे इथिलीन नावाचा वायू. पिकणाऱ्या फळांतून तो बाहेर पडतो आणि फुलांना अकाली वृद्धत्व आणतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यांवरील दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमुळे झाडे आणि फुले बिघडतात, असे दिसून आले होते. रशियन शास्त्रज्ञ नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये त्या गॅसमधील इथिलीन हा घटक त्यास कारण असल्याचे दाखविले. १९०८ मध्ये अमेरिकेतील क्रॉकर व नाइट या शास्त्रज्ञांनी कार्नेशनच्या फुलांवर याच वायूचा परिणाम तपासला. अत्यल्प प्रमाणातील वायूनेही उमललेली फुले मिटून जात असल्याचे त्यांना आढळले. खान्देशातील वाचकांच्या दृष्टीने ही माहिती विशेष महत्त्वाची आहे. हा केळीचा मुलूख आहे. पिकलेली केळी, आंबे, पपई यांच्या शेजारी फुलांची करंडी ठेवली, तर इतर सर्व काळजी व्यर्थ जाते. आप्तांना फुले आणि फळे एकत्र पाठविण्याची आपली रीत आहे. परंतु ती दोन्ही एकाच पेटीत कधीही बांधू नयेत.

केव्हा तोडावे

फुलाचे आयुष्य पुष्कळ अंशी तोडणीच्या वेळेवर ठरते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी फुलात भरपूर पाणी असते आणि शेतातील उष्णताही त्यात साठलेली नसते. म्हणून दूर पाठवावयाची फुले शक्यतो पहाटे तोडावीत. सायंकाळी ऊन उतरल्यावर केलेली तोडणीही चालते. भर दुपारी तोडलेले फूल पाठवू नये.

कोणते फूल कोणत्या अवस्थेत तोडावे, याचेही नियम आहेत. गुलाब कळीच्या अवस्थेत, बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटू लागली असताना काढावा. निशिगंधाच्या दांड्यावरील तळाची एक-दोन फुले उमलली, की दांडा कापावा; वरच्या कळ्या नंतर क्रमाने उमलत राहतात. ग्लॅडिओलसच्या दांड्यावर तळाच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविला, की तो कापण्यास योग्य होतो. मोगऱ्याच्या पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या, परंतु न उमललेल्या कळ्या सूर्योदयापूर्वी खुडाव्यात. पांढरी लिलीही कळी असतानाच काढून जुड्या बांधतात. झेंडू मात्र पूर्ण उमलल्यावरच तोडावा, कारण तो तोडल्यानंतर फारसा उमलत नाही.

थोडक्यात सांगावयाचे, तर प्रवासाला निघणारे फूल आपल्या घरी शोभिवंत दिसण्यापेक्षा पोहोचल्यावर शोभिवंत दिसेल, अशा बेताने तोडावे.

बांधणी

तोडलेली फुले प्रथम सावलीत, गार जागी पसरून ठेवावीत. दांड्यांची फुले असल्यास त्यांच्या टोकांना धारदार सुरीने तिरपा छेद द्यावा आणि ती दोन-तीन तास स्वच्छ पाण्यात उभी ठेवावीत. बोथट विळ्याने कापल्यास देठातील नळ्या चेपल्या जातात. हा छेद पाण्याखाली दिल्यास देठात हवेचा बुडबुडा शिरत नाही आणि पाणी वर चढण्यास अडथळा होत नाही. भरपूर पाणी प्यालेले फूल प्रवासाचा ताण सहन करू शकते.

सुट्या फुलांसाठी वेळूची करंडी अद्यापही उत्तम आहे. तिच्यातून हवा खेळती राहते. करंडीला आतून केळीच्या ताज्या पानांचे अस्तर द्यावे. फुले दाबून न भरता सैल भरावीत. वरून पुन्हा पान ठेवून, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले तरट त्यावर शिवावे. जाड प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत फुले भरल्यास आत वाफ धरते आणि काही तासांतच फुले शिजल्यासारखी होतात. प्लॅस्टिकची पिशवी वापरणे भागच असेल, तर तिला पुरेशी छिद्रे पाडावीत.

दांड्यांच्या फुलांसाठी पुठ्ठ्याची छिद्रे असलेली पेटी घ्यावी. आत कागद अंथरावा. देठांच्या टोकांना ओला कापूस गुंडाळून त्यावर छोटी पिशवी बांधावी. ग्लॅडिओलसचे दांडे मात्र आडवे ठेवू नयेत. हे दांडे आडवे राहिले, की त्यांचे शेंडे वरच्या दिशेने वळतात आणि पोहोचेपर्यंत ते वाकडे झालेले असतात. ते उभेच पाठवावेत आणि पेटीवर 'ही बाजू वर' असे मोठ्या अक्षरांत लिहावे.

शीतपेटीची सोय असल्यास गुलाबासारखी फुले २ ते ४ अंश तापमानात चांगली राहतात. परंतु सर्वच फुलांना एवढा गारवा मानवत नाही. ऑर्किड व अँथुरियम यांसारखी उष्ण प्रदेशातील फुले १२-१३ अंशांखाली काळी पडतात. फुलांना बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श कधीही होऊ देऊ नये.

पाठवणी

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर फुलांची वाहतूक ही नवी गोष्ट नाही. वसई परिसरातील फूल-उत्पादक पिढ्यान्पिढ्या पहाटेच्या लोकलने करंड्या घेऊन दादरच्या बाजारात जात आले आहेत. त्यांच्या यशाचे रहस्य तीन गोष्टींत आहे. फूल वेळेवर तोडले जाते, ते पहिल्या गाडीने निघते आणि माल सोबत घेऊन माणूस स्वतः जातो. छोट्या गावी फुले पाठविणाऱ्याने या तीन गोष्टींचे अनुकरण करावे.

रेल्वेच्या पार्सल कार्यालयात अथवा एस.टी.च्या पार्सल सेवेकडे फुले देताना ती नाशवंत असल्याचे स्पष्ट नोंदवावे. गाडी छोट्या स्थानकावर किती वेळ थांबते आणि तेथे पार्सल उतरवून घेण्याची व्यवस्था आहे किंवा नाही, याची आधी चौकशी करावी. पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याला गाडीची वेळ कळवावी. फलाटावर वा स्थानकात दोन तास उन्हात पडलेली करंडी, हा या सर्व साखळीतील सर्वांत दुबळा दुवा असतो. रात्रीची किंवा पहाटेची गाडी दुपारच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. ओळखीचा माणूस त्याच गाडीने जात असल्यास त्याच्या हाती दिलेली छोटी परडी पार्सलातील मोठ्या करंडीपेक्षा अधिक सुखरूप पोहोचते.

पत्ता लिहितानाही काळजी घ्यावी. खेड्यात व छोट्या गावात घराला क्रमांक असला, तरी तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. गल्ली किंवा पाडा, जवळचे देऊळ, शाळा अथवा दुकान, घरातील वडीलधाऱ्या माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक एवढा तपशील पत्त्यात असावा.

फूल थांबावे, निरोप जावा

येथवर फुलाने प्रवास करावयाचा असेल, तर काय करावे याचा विचार झाला. परंतु फुलाने प्रवास केलाच पाहिजे का, हा खरा प्रश्न आहे.

सुरतेच्या बाजारात दिसणारे प्रत्येक फूल सुरतेच्या आसपासचे नसते. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या पाण्याने दक्षिण गुजरातेत बागायती वाढली आणि नवसारी परिसरात फुलांची लागवडही होते, हे खरे. पण नाशिक जिल्ह्यातील झेंडू आणि गुलाबही दसरा-दिवाळीच्या सुमारास गुजरातेत जातो. समजा, असा झेंडू नाशिककडील शेतात सायंकाळी तोडला, रात्रभर प्रवास करून सकाळी सुरतेच्या बाजारात आला, दुपारी एखाद्या कामगाराने तो विकत घेऊन नवापूरला पाठविला आणि तेथे तो रात्री पोहोचला. महाराष्ट्रात उगवलेले हे फूल राज्याची सीमा दोनदा ओलांडून, तोडल्यानंतर चोवीस तासांहून अधिक काळाने पुन्हा महाराष्ट्रातच आले. त्यावर तीन ठिकाणचे भाडे, हमाली आणि दलाली चढली. याउलट, नवापूरजवळच्या एखाद्या शेतात सकाळी सहा वाजता तोडलेला झेंडू आठ वाजता त्याच घराच्या दारी पोहोचू शकतो.

परदेशांतील पुष्पविक्रेत्यांनी हे सत्य फार पूर्वीच ओळखले. १९१० मध्ये अमेरिकेतील काही पुष्पविक्रेत्यांनी एकत्र येऊन असा करार केला, की एका गावच्या ग्राहकाने दिलेली मागणी तारेने दुसऱ्या गावच्या दुकानदाराला कळवावी आणि त्याने आपल्याजवळची ताजी फुले पोहोचवावीत. पुढे १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये अशीच संघटना उभी राहिली आणि 'इंटरफ्लोरा' या नावाने ती जगभर प्रसिद्ध झाली. या योजनेत फूल दूरचा प्रवास करीत नाही. प्रवास करतो तो निरोप आणि त्यामागून पैसा.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तारेचे काम आज प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनी करीत आहे. २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे रक्कमही क्षणार्धात पोहोचते. सुरतेतील माणसाने नवापूरच्या फुलाऱ्याला दूरध्वनी करावा, फुले सांगावीत, रक्कम पाठवावी आणि फुलाऱ्याने सकाळी परडी घरी पोहोचवावी, यात आता कोणतीही तांत्रिक अडचण राहिलेली नाही. उणीव आहे ती दोन गोष्टींची. गावातील फुलाऱ्याचा क्रमांक बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसतो, आणि अशी मागणी स्वीकारण्याची सवय फुलाऱ्याला नसते.

मागणी देताना पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. प्रसंग कोणता, फुले कोणत्या वेळेपर्यंत पोहोचली पाहिजेत, हार हवा की सुटी फुले, आणि सोबतच्या चिठ्ठीत नेमका कोणता मजकूर लिहावा. फुलाच्या विशिष्ट जातीचा आग्रह धरू नये. 'त्या दिवशी जे फूल सर्वांत ताजे असेल ते द्यावे', असे सांगणारा ग्राहक सर्वांत समाधानी राहतो. रक्कम पाठविण्यापूर्वी फुलाऱ्याची ओळख गावातील नातलगाकडून पटवून घ्यावी.

गावाचा लाभ

ही पद्धत रुजली, तर तिचा लाभ केवळ पाठविणाऱ्याला होणार नाही. बाहेरगावी गेलेल्या माणसाने मिळविलेल्या पैशातील काही भाग गावातील शेतकऱ्याच्या आणि फुलाऱ्याच्या हाती येईल. फूलशेती म्हटले की मोठे भांडवल, हरितगृहे आणि परदेशी बाजारपेठ असे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु छोट्या गावाची गरज छोट्या क्षेत्रातूनही भागू शकते. झेंडूचे रोप लावल्यापासून साधारणतः दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. दसरा-दिवाळीचा हंगाम साधावयाचा, तर जुलै-ऑगस्टमध्ये लागवड करावी लागते. भाजीपाल्याच्या कडेने लावलेला झेंडू दुहेरी उपयोगाचा ठरतो. त्याच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींचा उपद्रव कमी होतो, तर टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे आकर्षित होत असल्याने मुख्य पिकाचा बचाव होतो.

निशिगंधाचे कंद आणि मोगऱ्याची झाडे एकदा लावली, की ती काही वर्षे फुले देत राहतात. घराजवळ पाच-दहा झाडे असलेल्या कुटुंबांतील महिलांनी बचतगटामार्फत एकत्र येऊन हार, गजरे व परड्या तयार करण्याचे काम घेतल्यास त्यांना घरबसल्या उत्पन्न मिळू शकेल. ग्रामपंचायतीने गावातील फुलारी आणि फूल-उत्पादक यांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने फलकावर लावले, आणि बाहेरगावी स्थायिक झालेल्या ग्रामस्थांच्या मंडळांकडे तीच यादी पाठविली, तर या कामाचा प्रारंभ बिनखर्चाने होईल. शब्दाला जागणे हे मात्र फुलाऱ्याचे खरे भांडवल आहे. नऊ वाजेपर्यंत पोहोचवितो असे सांगून अकराला आणलेला हार लग्नात एक वेळ चालेल. अंत्ययात्रेला तो उपयोगी पडणार नाही.

या शेवटच्या गोष्टीचा विचार विशेष करावयास हवा. सुरतेत मागावर काम करणाऱ्या माणसाला गावाकडील निधनाची वार्ता रात्री मिळते. कित्येकदा तो निघून पोहोचेपर्यंत सर्व आटोपलेले असते. अशा वेळी त्याच्या नावाने एक हार पहाटे त्याच्या घरच्या अंगणात पोहोचला, तर त्याचे न येणे लोकांच्या मनात राहत नाही आणि त्याच्याही मनाला थोडा दिलासा मिळतो. हे काम गावातील फूल आणि गावातील माणूसच करू शकतो. सुरतेच्या बाजारातील कितीही उंची फूल ते करू शकणार नाही.

फुले पोहोचल्यानंतर

फुले हाती आल्यावर ती लगेच सोडवून सावलीत ठेवावीत. दांड्यांची टोके दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा तिरपी कापून ती स्वच्छ पाण्यात उभी करावीत. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, अन्यथा ती कुजून पाणी बिघडते. एक लिटर पाण्यात २० ग्रॅमपर्यंत साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घातल्यास फुलांना अन्न मिळते आणि देठातून पाणी सहज चढते. परंतु साखरेच्या पाण्यात जंतू लवकर वाढतात, म्हणून हे पाणी दररोज बदलावे आणि भांडे घासून घ्यावे. फुलदाणी उन्हात, पंख्याखाली किंवा फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये.

सुटी फुले रात्रभर ठेवावयाची असल्यास ओल्या, पिळलेल्या फडक्यात सैल गुंडाळून माठाशेजारी ठेवावीत. माठाभोवतीचा गारवा आणि ओलावा या दोन्ही गोष्टी फुलांना मानवतात.

शाळेसाठी दोन प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. पहिल्या प्रयोगासाठी एकाच झाडावरील, एकाच वेळी तोडलेली झेंडूची वीस फुले घ्यावीत. त्यांचे दहा-दहांचे दोन वाटे करून प्रत्येकाचे वजन करावे. एक वाटा उघड्या ताटात आणि दुसरा केळीच्या पानात गुंडाळून वर ओले फडके घालून ठेवावा. दर तीन तासांनी फुले बाहेर काढून वजन करावे आणि ते फळ्यावर लिहावे. घटलेले वजन हे मुख्यतः उडून गेलेले पाणी आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. त्यावरून शेकडेवारी काढण्याचा गणिताचा पाठही होईल.

दुसऱ्या प्रयोगासाठी ग्लॅडिओलसचे दोन दांडे घ्यावेत. दोन्हींचे देठ ओल्या कापसात गुंडाळून एक उभा आणि दुसरा आडवा असे रात्रभर ठेवावेत. सकाळी आडव्या दांड्याचा शेंडा वर वळलेला दिसेल. तोडलेले फूल जिवंत असते, हे सांगण्यासाठी मग वेगळ्या शब्दांची गरज उरणार नाही.

समारोप

फूल अल्पायुषी आहे. त्याच्या आयुष्यातील तास मोजके असतात. ते तास ट्रकमध्ये, फलाटावर आणि दलालाच्या दुकानात खर्ची पडावेत, की ज्याच्यासाठी ते तोडले त्याच्या घरात, एवढाच निर्णय पाठविणाऱ्याला करावयाचा असतो. फुलाला प्रवास करणे भागच असेल, तर ते पहाटे तोडावे, गार व ओलसर ठेवावे, फळांपासून दूर ठेवावे आणि पहिल्या गाडीने पाठवावे. अन्यथा निरोप दूरवर जाऊ द्यावा आणि फूल आप्तांच्या दाराजवळचेच निवडावे. गावोगावच्या शेतकऱ्यांनी, फुलाऱ्यांनी, बचतगटांनी आणि ग्रामपंचायतींनी येत्या श्रावणापासून या दृष्टीने प्रयत्न केल्यास, बाहेरगावी राबणाऱ्या माणसांची फुले त्यांच्या घरी ताजी पोहोचतील आणि ती पिकविणाऱ्या हातांनाही त्यांचे मोल मिळेल.